माशी येते पुन्हा?

गेल्या फेब्रुवारीत गावी गेलो होतो. पुतण्याने कांद्याचे डेंगळे बियाण्यासाठी राखले होते. पांढरे गोंडे भर फुलात आणि हा सकाळच्या उन्हात औषध फवारतोय! मी म्हटले, "अरे, मधमाश्या मरतील." तर म्हणाला, "काका, फुलकिडे किती आहेत बघा. माश्यांचे काय, येतात पुन्हा."

दुपारी ओट्यावर बसून त्याला न्यूझीलंडची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहून ठेवतो.

इंग्रज लोक तिकडे वसाहत करायला गेले, तेव्हा गुरांसाठी लाल क्लोव्हर नावाचा चारा घेऊन गेले. चारा जोमात वाढला, फुलला. पण बी काही धरेना! बियाणे पुन्हा इंग्लंडहूनच मागवायचे. मधमाश्या नव्हत्या असे नाही. मेरी बम्बी या बाईंनी १८३९ सालीच त्या तिथे नेल्या होत्या. पण या फुलाची नळी खोल, मधमाशीची जीभ आखूड. तिथे लांब जिभेची, भुंग्यासारखी केसाळ बंबलबीच हवी.

डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत याचा हिशोबच दिला आहे. लाल क्लोव्हरच्या १०० फुलगुच्छांना २७०० बिया धरल्या. माश्यांपासून झाकून ठेवलेल्या तितक्याच गुच्छांना एकही नाही.

शेवटी १८८५ साली बंबलबीच्या झोपी गेलेल्या राण्या जहाजाच्या शीतगृहातून तिकडे पोहोचल्या. पुष्कळशा वाटेतच मेल्या. नव्वदेक जगल्या, त्या क्रायस्टचर्चजवळ सोडल्या. त्यांची वीण वाढली आणि क्लोव्हरला घरचे बी मिळू लागले.

गोष्ट इथे संपत नाही. त्यांतलीच एक जात पुढे खुद्द इंग्लंडमधून गेली. फुलांची कुरणे नाहीशी होत गेली, आणि १९८८नंतर ती तिथे कोणाला दिसली नाही. न्यूझीलंडहून ती परत आणायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग २०१२ साली स्वीडनहून राण्या आणून सोडल्या.

मी म्हटले, "बघ, येतात पुन्हा म्हणतोस, त्यासाठी केवढे समुद्र ओलांडावे लागले!"

तो काही बोलला नाही. यंदा मात्र त्याचा फोन आला. फुलोऱ्याच्या आधीच फवारणी उरकली होती आणि बांधावर मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून ठेवल्या होत्या. बी किती येईल ते काढणीला कळेल. पण "काका, सकाळी नुसता गुंजारव चालू असतो," हे त्याने आपणहून सांगितले.

चाळीस वर्षे वर्गात शिकवले, पण असा विद्यार्थी उतारवयातच मिळाला. असो.