झाड मोजलं, टेकडी राहिली

आज एका व्याख्येपासून सुरुवात करू या. झाड कशाला म्हणायचं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर तास संपतो, उत्तर मिळत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मात्र १९७५ साली नागरी भागातल्या वृक्षसंरक्षणाचा कायदा करताना उत्तर देऊन टाकलं: जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर खोडाचा व्यास किमान ५ सेंटिमीटर आणि उंची किमान १ मीटर असली, की ते झाड.

हसू नका. ही व्याख्या झाली म्हणूनच पुढचं शक्य झालं. वृक्ष अधिकारी आला, वृक्ष प्राधिकरण आलं, स्वतःच्या प्लॉटमधलं झाड तोडायलाही परवानगी लागू लागली. त्याआधी जागा ‘साफ’ करणं हा बांधकामाचा पहिला दिवस असे. (‘साफ’ हा शब्द बघा!)

पण कायद्याला दिसलं ते एकेकटं झाड. नव्या सोसायटीच्या नकाशात राखलेलं झाड इमारत उभी राहीपर्यंत वाळलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. त्यांच्यावरून ट्रक जातात, राडारोडा पडतो, शेवटी पेव्हर ब्लॉक बसतात. खोडाला कुऱ्हाड लागलेली दिसत नाही. मग जाब कोणाला विचारायचा?

न्यायदर्शनात अवयव आणि अवयवी असा भेद आहे. नैयायिक म्हणतात, कापड ही नुसती धाग्यांची बेरीज नव्हे. बौद्ध म्हणतात, धाग्यांपलीकडे कापड असं वेगळं काही नाहीच. आपला कायदा इथे बौद्धांच्या बाजूचा: झाडं मोजली, की रान मोजलं.

पुण्याच्या टेकड्यांवर हा हिशेब चुकतो. तिथे खैर, हिवर, सालई विरळ. मधे सगळं गवत. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटं करतो, टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते. वृक्षगणनेत या जागेचा आकडा जवळजवळ शून्य.

घरांची गरज खोटी होती, असं आपण म्हणणार नाही. १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर हजारो कुटुंबं उघड्यावर आली आणि गोखलेनगरसारखी वसाहत टेकडीच्या पायथ्याशी वसली. ती वसायलाच हवी होती. पण पायथ्यावरून वर चढायला शहराला फार वेळ लागत नाही. १९९७ साली भोवतालची गावं महापालिका हद्दीत आली. त्यातली काही पुढे वगळून २३ राहिली. त्या गावांच्या २००२च्या प्रारूप आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव आला. बीडीपी, बीडीपी म्हणतात ते हेच. आमच्या मते ही त्या आराखड्यातली सर्वांत मोठी गोष्ट, कारण इथे झाडाऐवजी अख्खी टेकडी हे एकक धरलं गेलं.

आरक्षणाला राज्य सरकारची मंजुरी मिळाली २०१५ साली. म्हणजे मधे तेरा वर्षं. तेवढ्यात गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, घरं उठली. जमीनमालकांना मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा तेवढा हक्क. ज्याची वडिलोपार्जित जमीन पूर्ण आरक्षणात गेली, त्याला हा आकडा कसा वाटला असेल? टिटवीची बाजू घेताना आपल्यापैकी बरेच जण स्वतःच्या फ्लॅटमध्ये बसलेले होते, हे विसरून चालणार नाही.

आता २०२१. कायद्यात दुरुस्ती झाली: ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष, आणि झाड तोडलं, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. ६० वर्षांच्या झाडामागे ६० रोपं. ऐकायला छान आहे. पण या ६० रोपांना जागा कुठली? सोसायटीत तर तळघरात पार्किंग. मग मोकळी जागा म्हणून बोट जातं ते टेकडीकडे, तिथल्या गवताकडे. पावसाआधी खड्डे तयार हवेत म्हणून खोदाई सुरू होते उन्हाळ्यात, आणि त्याच दिवसांत टिटवी तिथे अंड्यांवर बसलेली असते.