कोळ्याचें पंचांग

मासे धरावयास समुद्रावर जावयाचें ठरलें म्हणजे आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें प्रथम साहित्य उभें राहतें: गळ कोणता, दोरी किती, आमिष कशाचें. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळी, गाबीत अथवा खारवी हे प्रश्न सर्वांच्या शेवटीं विचारील. त्याचा पहिला प्रश्न 'आज तिथि कोणती?' असा आणि दुसरा 'वारा कोठला?' असा. वाळूवर उभें राहावयाचें, खडकावर जावयाचें कीं होडी लोटावयाची, याचा निर्णय या दोन उत्तरांनींच व्हावयाचा, अशी येथील जुनी रीत. जाळ्यांचे व होड्यांचे प्रकार वर्णन करणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. परंतु कोंकणच्या मासेमारीचा इतिहास मुख्यतः वेळेच्या हिशेबाचा इतिहास आहे, असें मला वाटतें. आज बोलावयाचें आहे तें त्या हिशेबाविषयीं, आणि तो विस्कटल्यावर काय झालें त्याविषयीं.

हा हिशेब सोपा आहे. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल, त्या सुमारास मुंबईच्या आसपास भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. आणि ती दिवसांतून दोनदां, एकदां रात्रीं व एकदां दिवसा. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागें पाणी फार चढतें व फार उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो, तो भांग. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्राची नोंद १८७८ पासून आहे, आणि बंदरांत येणाऱ्या जहाजांना कोष्टकाचीच अचूकता हवी, यांत शंका नाहीं. पाऊणपटीचा हिशेब मिनिटाला उतरत नाहीं. परंतु अंधारांत उठून जाळें खांद्यावर टाकणाऱ्यास जेवढी अचूकता लागते, तेवढी त्यांत आहे. आणि तो निरक्षर माणसाच्याही मुखीं राहतो.

आतां होडीचें पाहूं. वसई, अर्नाळा, वर्सोवा या बाजूस डोल नांवाचें जाळें चालतें. हें एक मोठें नाकाडें पोतें. तोंडाशीं रुंद, शेंड्याशीं निमुळतें. तें समुद्रांत एका जागीं बांधून ठेवावयाचें व प्रवाहानें मासे आंत आणून सोडावयाचे. बोंबील व कोलंबी याच मार्गानें आपल्या स्वयंपाकघरांत येते. ओढण्याचें काम पाणी करीत असल्यामुळें पाण्याला जोर असेल तेव्हांच डोल भरणार. म्हणून उधाणाचे दिवस धंद्याचे, आणि भांगाचे दिवस जाळीं धुण्याचे व सांधण्याचे. पाणी फिरण्यापूर्वीं क्षणभर तें स्थिर होतें, तेवढ्यांत जाळें उचलावें लागतें. वारा त्यांत आपली सोय करून देई. दिवाळीनंतर आकाश निवळलें कीं, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, व दुपारीं समुद्रावरून खारा वारा उलट येतो. शिडाची होडी मतलईवर बाहेर जाई व खाऱ्या वाऱ्यावर घरीं येई. वल्ह्याचें कष्ट वाचविणारी याहून स्वस्त योजना कोणत्याही इंजिनियरास सुचली नसती!

खडकावरची मासेमारी थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण ती एकट्यादुकट्याची. भूशिरांच्या टोकांशीं गोबरा, तांबोशी असे खडकांत राहणारे मासे गरीला लागतात. येथें उधाणाचा अर्थ बदलतो. त्या दिवसांत ओहोटी सकाळसंध्याकाळ सहाच्या सुमारास येते व एरव्हीं न दिसणारे खडक उघडे पडतात. कालवें फोडणाऱ्या बायका नेमक्या त्याच वेळीं कोयता व टोपली घेऊन निघतात. पण जें पाणी फार ओसरतें तें परततेंही वेगानें, आणि खडकाच्या मागची खांच भरली म्हणजे परतीची वाट बंद. हौशी माणसें बुडतात तीं बहुधा पुढच्या लाटेकडे पाहत असतां, पाठीमागच्या पाण्यानें.

वाळूवरची रापण ही मात्र साऱ्या गांवाची गोष्ट. मालवण, वेंगुर्लें, गोवें, कारवार या पट्ट्यांत पावसाळा सरला कीं, बांगड्यांचे व तारल्यांचे थवे किनाऱ्यालगत येतात. पाण्याचा बदललेला रंग व वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून जाणता मनुष्य थवा ओळखतो. मग एक दोर किनाऱ्यावरच्यांच्या हातीं ठेवून होडी निघते, अर्धवर्तुळाकार जाळें सोडीत जाते व दुसरा दोर घेऊन दूरवर पुन्हां वाळूस लागते. पुढें दोन्ही बाजूंनीं माणसांच्या रांगा ओढूं लागतात, आणि तास-दोन तासांनीं जाळ्याचें पोट वाळूवर येतें. जाळें एका मालकाचें क्वचितच. अनेक घरांचे तुकडे जोडून तें सिद्ध होई. म्हणून मिळकतीचे वाटेही जाळ्याचे, होडीचे व हातांचे, असे पडत. वाटेनें जाणाऱ्यानें दोराला हात लावला, तर त्याच्याही पदरांत मूठभर मासे पडत. एका किनाऱ्यावर एकाहून अधिक रापणी असल्या तर पाळी लावावी लागे. थवा आज आपल्यापुढें आला आहे आणि पाळी शेजाऱ्याची आहे, अशा वेळीं स्वस्थ बसण्यास जो संयम लागतो, तो कोणत्याही कायद्यानें सहज निर्माण होत नाहीं.

मासेमारीच्या वेळेंत राजसत्तेनें लक्ष घालण्याचा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत अशोकानें चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा व उपोसथाचे दिवस यांवर मासे मारण्यास व विकण्यास बंदी घातली. त्याचा हेतु दयेचा होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत समुद्रांतील व नद्यांतील माशांचे प्रकार, त्यांचा चारा व गळाची रीत सांगितली आहे. हा राजाचा विनोद. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ मध्यें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक लिहिलें, तें साहेबाच्या विनोदासाठीं. पोटासाठीं जाणाऱ्याचें शास्त्र मात्र कोणी लिहून ठेवलें नाहीं. तें नारळी पौर्णिमेसारख्या सणांत व घरच्या बोलण्यांत राहिलें. श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावांचून होडी लोटूं नये, हा त्यांतला सर्वांत बळकट नियम. शिडाच्या होडीस पावसाळ्यांत दर्यावर जाणें म्हणजे मरण. त्यामुळें भीतीनें घातलेला हा नियम माशांच्या विणीलाही आपोआप संरक्षण देत होता.

यंत्रानें ही भीति घालविली. पहिला प्रयत्न फसला: १९२१ मध्यें मुंबई सरकारनें 'विल्यम कॅरिक' हें वाफेचें ट्रॉलर या समुद्रांत आणून पाहिलें, पण खर्च भागेना म्हणून तें लौकरच बंद झालें. स्वातंत्र्यानंतर लहान होड्यांना इंजिनें बसलीं, कोलंबीला परदेशीं भाव आला, आणि १९६० नंतर ट्रॉलरांची संख्या वाढूं लागली. पुढें थव्याला चहूंबाजूंनीं वेढणारें पर्ससीन जाळें आलें. इंजिनाला मतलई लागत नाहीं, उधाण लागत नाहीं, पाळीही लागत नाहीं. रापणीची सारी योजना थवा किनाऱ्यास येण्यावर उभी. तो खोल पाण्यांतच उचलला गेला, तर वाळूवर दोर धरून उभ्या राहिलेल्यांनीं काय ओढावें? गोव्यांतील रापणकारांनीं १९७० नंतरच्या दशकांत माथानी साल्ढाना यांच्या नेतृत्वाखालीं याविरुद्ध जो लढा दिला, तो याच प्रश्नाचा. त्यानंतर गोव्याचा मासेमारी नियमनाचा कायदा १९८० मध्यें व महाराष्ट्राचा १९८१ मध्यें झाला, आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठीं राखण्याचें तत्त्व मान्य झालें. कागदावर मान्य झालें, असें म्हणणें अधिक बरोबर. कारण पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालण्याची पाळी महाराष्ट्र सरकारवर २०१६ मध्यें पुन्हां आली.

जुनें तें सर्व निर्दोष होतें, असें मात्र कोणी समजूं नये. डोलीच्या बारीक आंसाच्या शेंड्यांत पापलेटचीं पिल्लेंही अडकतात. ज्या पापलेटला २०२३ मध्यें महाराष्ट्रानें राज्यमासा म्हणून घोषित केलें, त्याच्या घटीचा सारा दोष एकट्या ट्रॉलरवर ढकलतां यावयाचा नाहीं.

पावसाळी बंदीची कथा या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. जी गोष्ट भीति व श्रद्धा मिळून करीत होत्या, ती इंजिनाच्या काळांत सरकारी हुकुमानें करावी लागली. महाराष्ट्रांत पूर्वीं ही बंदी १० जूनपासून असे, आणि ती उठण्याच्या संदर्भांत १५ ऑगस्टच्या जोडीस चक्क नारळी पौर्णिमेचा उल्लेख असे. सरकारी फर्मानांत इंग्रजी तारखेशेजारीं तिथि बसलेली पाहून मौज वाटते. पण ती तिथि कोणा कारकुनाच्या लहरीनें तेथें आली नव्हती. पुढें साऱ्या पश्चिम किनाऱ्यास एकच नियम लागू करण्यासाठीं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले, आणि तिथि गळाली. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाहीं. यांत्रिक होड्या १ ऑगस्टला सुटतात, पौर्णिमा मागाहून येते. २०२० मध्यें हें अंतर दोन दिवसांचें होतें. २०२३ मध्यें अधिक श्रावण आल्यामुळें नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली व अंतर जवळजवळ महिन्याचें झालें. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवावी, अशी मागणी मच्छीमारांकडूनच पुनःपुन्हां होते. इंजिनाच्या हप्त्यांनीं गांजलेले काहीं मालक मात्र तिला विरोध करतात. आणि शेजारची होडी पहिल्या तारखेस भरून आलेली डोळ्यांदेखत पाहूनही, नारळ पाण्यांत पडेपर्यंत आपली होडी वाळूवरच ठेवणारीं घरें कोळीवाड्यांतून अद्याप आहेत.