टँगो-गीतांतील मरणोत्तर प्रेम
अर्जेंटिना व यूरग्वाय या देशांतील टँगो या गीतप्रकारात वारंवार येणारा एक विषय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता नदीमुखाच्या दोन तीरांवरील ब्वेनस एअरीझ व माँटेव्हिडिओ या शहरांत टँगो प्रथम नृत्यसंगीत म्हणून विकसित झाला. १९१७ मध्ये कार्लोस गार्देल याने पास्क्वाल कोंतुर्सीचे ‘मी नोचे त्रिस्ते’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. कथनपर टँगो-गीताची परंपरा तेथून सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. या गीताचा नायक प्रेयसीने त्यागलेला असून पुढील अनेक गीतांत हाच विरह आढळतो. १९१४ च्या जनगणनेनुसार ब्वेनस एअरीझचे जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशांत जन्मलेले होते. मागे राहिलेल्या माणसांशी कायमची ताटातूट ही त्यांच्या परिचयाची होती.

मृत्यूचा विषय या विरहकल्पनेतूनच वाढला. मात्र त्याने तिचे स्वरूप पालटले. सोडून गेलेल्या स्त्रीवर प्रतारणेचा आरोप ठेवता येतो, मृत स्त्रीवर नाही. त्यामुळे दोषारोपाची जागा शोक व स्मृती घेतात. फ्रेंच स्वच्छंदतावादी साहित्याचाही या विषयाला आधार लाभला. होसे गोन्सालेस कास्तीयो व एन्रिके देल्फिनो यांच्या ‘ग्रिसेता’ (१९२४) या गीतात प्रेमाची स्वप्ने पाहत फ्रान्सहून आलेली तरुणी ब्वेनस एअरीझमध्ये मरण पावते. हूल्यो होर्हे नेल्सन व होआकीन मोरा यांच्या ‘मार्गारिता गोतिए’ या गीतात धाकट्या द्यूमाच्या कादंबरीतील नायिकेला तिच्या मृत्यूनंतर आळविले आहे.

गार्देल व आल्फ्रेदो ले पेरा यांचे ‘सुस ओहोस से सेर्रारोन’ (म्हणजे ‘तिचे डोळे मिटले’, १९३५) हे या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. ‘एल दीआ के मे कियेरास’ या चित्रपटात पत्नी मरण पावल्यावर नायक ते गातो. त्यात परलोकातील पुनर्मीलनाचे आश्वासन नाही. तिचे डोळे मिटले तरी जग पूर्ववत चालू राहते, हेच त्याचे दुःख.

२४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेयिन येथील विमान-अपघातात गार्देल व ले पेरा दोघेही मृत्युमुखी पडले. शोक करणारा गायक स्वतःच शोकविषय झाला. ब्वेनस एअरीझमधील चाकारिता दफनभूमीत गार्देलच्या पुतळ्याच्या बोटांत चाहते पेटती सिगारेट ठेवतात आणि तो दिवसेंदिवस अधिकच चांगला गातो, असे म्हणतात. गीतांतील मृत प्रेयसी बहुधा मूकच राहते. गार्देलचा आवाज मात्र ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येत राहिला. गीतात जे स्थान स्मृतीला होते, ते श्रोत्यांच्या जीवनात ध्वनिमुद्रिकेने घेतले.