ड्रममधली खरखर: अकीक, मणी आणि धूळ

हा भाग ऐकताना मागे एक बारीक, सतत चालणारी खरखर ऐकू येईल. माइक बिघडलेला नाही. शेजारच्या खोलीत रबराचा एक छोटा ड्रम फिरतोय आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे. त्यात दगड आहेत, पाणी आहे आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी. बंद केला की दगडांना डाग पडतील असं काही नाही, पण मला उगाच चुकल्यासारखं वाटतं. म्हणून म्हटलं, आज त्याच्याबद्दलच बोलूया.

हे दगड मी शिरूर तालुक्यात घोडनदीच्या पात्रात वेचले. दिसायला अगदी सामान्य. मळकट पांढरे, पिवळट, एखादा तांबूस. आपल्याकडे अशा सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणायची पद्धत आहे. पण थोडं खोलात गेलं की त्यांची जन्मकथा निघते. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांमधून पाणी झिरपलं आणि त्यातली सिलिका भिंतींवर पापुद्र्यासारखी बसत गेली. असे पट्टे असलेला दगड म्हणजे अकीक, इंग्रजीतला ॲगेट. पट्टे नसले तर कॅल्सिडोनी. लोहामुळे लाल झाला की कार्नेलियन. काळा कातळ झिजला, पण हे कठीण गोळे तसेच राहिले आणि नदीत आले.

आता हे ओळखायचं कसं? माझी पहिली खेप याच प्रश्नावर वाया गेली. महिनाभर ड्रम फिरवला, उघडला, तर आत दूध! पांढरे दगड गारेचे समजून टाकले होते, ते निघाले कॅल्साइट. मोह्सच्या कठीणपणाच्या मापात कॅल्साइट 3 वर, अकीक साडेसहा ते 7. सातवाल्यांनी तीनवाल्यांना महिनाभर कुटलं आणि पीठ केलं. तेव्हापासून घरी आणलेल्या प्रत्येक दगडाची मी दोन मिनिटांची परीक्षा घेतो. चाकूच्या टोकाने ओरखडा काढायचा. कॅल्साइटवर चर पडते, अकीकावर उलट पोलादाचीच करडी रेघ उमटते. तरी शंका राहिली तर व्हिनेगरचा थेंब. बुडबुडे आले की कॅल्साइट. शेवटी मोबाइलचा टॉर्च दगडामागे धरायचा. अकीक कडेने मधासारखं उजळतं. तो क्षण मला अजून आवडतो.

मी दगड वेचले त्याच घोडनदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं ते शेतकऱ्यांचं गाव. तांबं महाग आणि दुर्मीळ, म्हणून रोजची पाती त्यांनी कॅल्सिडोनीची काढली. गळ्यातल्या मण्यांत कार्नेलियनही होतं. म्हणजे नदीत वाकून, दगड हातात फिरवून, ‘हा चालेल, हा नको’ असं करणारा तिथला मी काही पहिला माणूस नाही. (जाता जाता एक विनंती: नदीतला गोटा उचला, पण पांढरीच्या टेकाडावरचा मणी किंवा पातं उचलू नका. जागेवरून हललं की त्याचं बोलणं बंद होतं.)

हा हौशी उद्योग एके काळी जगाचा व्यापार होता. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ नावाचं पुस्तक आहे, म्हणजे समुद्री व्यापाऱ्यांसाठी मार्गदर्शिकाच. त्यात पैठणचं नाव येतं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून अकीकाच्या जातीचे पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचला येतात, असं तो लिहितो. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून येणाऱ्या कापडाचाही उल्लेख आहे. वाटा अवघड होत्या असंही नोंदवायला तो विसरत नाही. पैठणी म्हटलं की आपल्याला साडी आठवते. रोमन ग्राहकाला पैठणचा दगड आठवत असणार!

पण दगड घासून मणी करण्याची कला पेरिप्लसहूनही दोन-अडीच हजार वर्षं जुनी आहे. सिंधमधल्या चान्हुदडो इथे अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 मध्ये उत्खनन केलं तेव्हा मणी करणाऱ्यांच्या कामाच्या जागा सापडल्या. अर्धवट घडलेले मणी, फुटलेले मणी, दगडी गिरमिटाची टोकं. तिथले लांबट कार्नेलियन मणी पार मेसोपोटेमियात, उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळालेल्या मण्यांच्या जातीचे. खरी कमाल चकाकीची नाही, भोकाची आहे. बोटाएवढ्या लांब दगडाला आरपार सरळ भोक! पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी तसाच दगडी गिरमिट घेऊन प्रयोग केले. तासाला भोक पुढे सरकलं सुमारे अडीच मिलिमीटर. गणित करून बघा: 6 सेंटिमीटरच्या मण्याला निव्वळ 24 तास, म्हणजे रोज आठ तास बसलं तर तीन दिवस. तेही दगड शेवटच्या क्षणी तडकला नाही तर.

हे प्रयोग ज्यांच्याकडे बघून सुचले ते कारागीर गुजरातमध्ये खंभातला अजून आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो. कच्चा दगड येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने. तोही दख्खनच्याच लाव्हातून सुटलेला, जुन्या नदीगाळात साचलेला. तिथल्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी संताचं ठाणं आहे आणि अकीकाचा धंदा त्यांनी वाढवला असं तिथली मंडळी मानतात. दगड आधी महिनोन्महिने उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. आतलं पिवळं लोह तापून लाल होतं. आपल्याला जो ‘नैसर्गिक’ लाल रंग वाटतो, तो बहुतेक वेळा भट्टीतून आलेला असतो!

घडणं बघण्यासारखं. जमिनीत रोवलेली टोकदार लोखंडी सळई, त्यावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून हलकेच टोला. ढलपी निघते सळईच्या बाजूने, खालून. मी प्रयत्न केला, दगडाचे सरळ तीन तुकडे झाले, सगळे हसले. आणि पूर्वी चकाकी कशी आणायचे माहीत आहे? चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी भरायचं, तोंड बांधायचं आणि दोघांनी समोरासमोर बसून ती पिशवी दिवसेंदिवस एकमेकांकडे गडगडवत राहायची. म्हणजे माझा ड्रमच की हो, फक्त मोटरऐवजी दोन माणसं.

पण घडणं आणि चकाकी यांच्या मधे एक पायरी असते: चाकावर घासून आकार देणं. तिथे मी जास्त वेळ थांबलो नाही, खोकला आला. एका वयस्क काकांनी सांगितलं, ‘घिसाईवाला म्हातारा होत नाही.’ सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण धरतात. हा सिलिकोसिस. बरा करणारं औषध नाही. खंभातमधल्या अकीक कामगारांचा हा आजार वैद्यकीय अभ्यासांत नीट नोंदवलेला आहे. अनेकदा तो क्षयरोग समजला जातो, रोगी क्षयाच्या गोळ्या खात राहतो. काम घरात, अंगणात चालतं, त्यामुळे चाकाला हात न लावणारी बायकामुलंही तीच हवा घेतात. आणि घरी काम करणारा माणूस कोणाच्या हजेरीपटावर नसतो, मग भरपाई मागायची कोणाकडे?

खरं सांगतो, तिथून मी एक माळ घेतली आणि सवयीने घासाघीस केली. चाळीस रुपये कमी करून घेतले. काकांचं ते वाक्य ऐकलं होतं त्याच्या साधारण अर्ध्या तासानंतर.

घरी आल्यावर एक बदल केला. पूर्वी मी गॅलरीत अँगल ग्राइंडरवर दगड कोरडाच कापायचो, तोंडाला रुमाल बांधून. आई ओरडायची ती कपड्यांवरच्या पांढऱ्या धुळीसाठी. आता कापणं पाण्याखाली चालणाऱ्या डायमंड करवतीवरच, आणि तोंडाला रुमाल नाही, धुळीसाठीचा खरा मास्क. सुरुवात करणाऱ्यांनी पहिला खर्च यावर करा, दगड फुकट मिळतात. ड्रममध्ये धूळ उडत नाही, सगळं ओलं असतं. आधी 80 नंबरची जाड भुकटी, मग 220, मग 500, प्रत्येकी साधारण आठवडा, शेवटी सिरियम ऑक्साइड. दर वेळी दगड आणि ड्रम स्वच्छ धुवायचे, जाड भुकटीचा एक कण राहिला तरी शेवटच्या आठवड्यात ओरखडे. आणि तो गाळ मोरीत ओतू नका, नळात सिमेंटसारखा बसतो. प्लंबरला काय सांगायचं हा प्रश्न मला पडून गेलाय.

सध्या 500 चा आठवडा चालू आहे. सोमवारी ड्रम उघडेन. खंभातची माळ समोर टेबलावर आहे, चोपन्न मणी, प्रत्येकाला भोक. माझ्या दगडांना भोक पाडायची हिंमत अजून झालेली नाही.

भेटूया पुढच्या भागात.