शाळेच्या पुस्तकातून निघालेला सूर्यसिद्धान्त

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावहून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे शाळकरी पोरांची रीघ लागते. ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्यांपुढं ती माना वर करून उभी राहतात आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींबद्दल मराठीतून ऐकतात. मला तिथं एबेनेझर बर्जेस आठवतात. मराठी मुलांना खगोल मराठीतून शिकवायचा, एवढ्या गरजेतून त्यांच्या हातून फार मोठं काम घडलं.

बर्जेस १८३९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री म्हणून आले आणि नगर, सातारा भागात राहिले. धर्म, औषध आणि विद्या ही तिन्ही कामं या मिशननं एकाच झोळीत ठेवली होती. बर्जेस यांच्या आधी याच मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिकला पटकीच्या साथीत औषधं वाटत फिरले, आणि परतीच्या वाटेवर पटकीनंच गेले.

शाळांसाठी मराठीत खगोलाचं पुस्तक तयार करायला बर्जेस बसले. पण ज्यांना शिकवायचं, त्यांच्याकडे आधीच काय आहे हे पाहायला नको का? हा प्रश्न त्यांना पडला, म्हणूनच मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तेव्हा ते सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत खगोलग्रंथाकडे वळले. १४ अध्याय, ५०० श्लोक. सूर्याच्या अंशपुरुषानं मयासुराला हे ज्ञान दिलं, अशी ग्रंथाची सुरुवात आहे. पुढं मात्र सगळं गणित. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेनं होतं, हे त्यात स्वच्छ सांगितलेलं आहे. वर्षाचं मान ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं, ३६ सेकंद. आजच्या नाक्षत्र वर्षाहून जेमतेम साडेतीन मिनिटं जास्त. दुर्बिणीशिवाय काढलेलं!

इथल्या पंडितांच्या मदतीनं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं. मुखपृष्ठावर त्या पंडितांची नावं नाहीत, ही खंत राहतेच. १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं. विस्तृत टिपांचं बरंचसं काम येल विद्यापीठाचे संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी केलं. भारतीयांनी हे शास्त्र ग्रीकांकडून घेतलं, असं व्हिटनींचं मत होतं. बर्जेस यांना ते पटेना. स्वतःच्याच पुस्तकाच्या शेवटी त्यांनी वेगळी टीप जोडली: नक्षत्रविभाग, राशी, ग्रहगतीची उपपत्ती यांत हिंदूंकडे स्वतंत्र बुद्धी दिसते, आणि देवाणघेवाण झालीच असेल तर ती पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली असावी. त्यांचा प्रत्येक मुद्दा आज टिकत नाही; राशी आणि ग्रहगतीच्या गणितावर ग्रीक छाप आहे, असंच अभ्यासक मानतात. पण परधर्म खोडायला आलेल्या पाद्र्यानं त्या धर्माच्या शास्त्राची बाजू आपल्याच विद्वानापुढं मांडावी, यासाठी मन मोठं लागतं.

काशीला शिकवणाऱ्या बापूदेव शास्त्रींचं भाषांतरही त्याच सुमारास कलकत्त्याला छापलं गेलं. बर्जेस यांचं पुस्तक १९३५ मध्ये कलकत्ता विद्यापीठानं पुन्हा काढलं. त्याआधीच, १८९६ मध्ये, मूळच्या मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकानं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला होता, आणि व्हिटनींच्या मतांना त्यात मराठीतून उत्तर दिलं होतं.