रानअळंबीची ओळख : स्थळ आणि लक्षण

रानअळंबी ओळखण्याच्या महाराष्ट्रातील इतिहासात दोन परंपरा दृष्टीस पडतात. लोकपरंपरेचा मुख्य आधार स्थळ व ऋतू हा होय. पावसाळ्यात वारुळावर उगवणारे अळंबे खाद्य आणि इतर बहुतेक 'कुत्र्याच्या छत्र्या' त्याज्य, असा तिचा स्थूल विवेक होता. तो निराधार नव्हता. वाळवीच्या वसाहतीत वाढणाऱ्या ह्या अळंब्यांची 'टर्मिटोमायसीस' ही स्वतंत्र प्रजाती रॉजर हाइम ह्या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये मानली.

दुसरी परंपरा शरीरलक्षणांची. स्वीडिश शास्त्रज्ञ फ्रीस ह्याने १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छत्रकवकांची विभागणी बीजुकांच्या रंगावरून केली. छत्र, त्याखालील पातळ पटले, देठावरील वलय आणि बुडाचा पेला ही लक्षणेही पुढे वर्णनाचा आधार ठरली. पुण्यात ह्या पद्धतीस महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत आश्रय मिळाला. नैर्ऋत्य भारतातील छत्रकवकांवरील साठे, देशपांडे, कुलकर्णी व डॅनियल ह्यांचा ग्रंथ तिने १९८० मध्ये प्रसिद्ध केला.

ह्या दोन परंपरांतील भेद पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात केवळ शास्त्रीय राहत नाही. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे माळ सपाट होऊन कारखाने, वसाहती व हिरवळी आल्या. जेथे वारूळच उरले नाही, तेथे स्थळाची साक्ष निरुपयोगी ठरते. उलट, 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस' हे विषारी अळंबे हिरवळीवरच उगवते. कोवळेपणी त्याची पटले पांढरी असल्याने ते खाद्य जातींसारखे दिसते; सेवनाने तीव्र वांत्या व अतिसार होतात. पक्व छत्र रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथे ठेवल्यास उमटणारा बीजुकांचा हिरवट ठसा त्याची ओळख पटवितो.

तथापि एकच लक्षण निर्णायक मानणे धोक्याचे होय. अत्यंत घातक अशा 'अमॅनिटा फॅलॉइडीस'चा ठसा पांढराच असतो. त्याची खूण असलेला पेला बहुधा मातीत दडलेला असल्याने, देठ वरून खुडल्यास तो मागेच राहतो. चांदीचे नाणे काळे पडण्याची प्रचलित कसोटी तर सर्वस्वी खोटी आहे. म्हणून अळंबे खुडू नये, बुडापासून खणून काढावे. खणल्यावरच वारुळावरील अळंब्याचा वाळवीच्या घरापर्यंत गेलेला मूळसदृश देठही दिसतो. लोकपरंपरेने जे स्थळावरून जाणले, तेच येथे लक्षणाच्या रूपाने हाती येते. स्थळ नष्ट झालेल्या प्रदेशात मात्र लक्षणांचाच एकत्रित विचार करावा लागतो.