हॅनफर्डच्या पेट्या, औंढ्याची जमीन

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार, हे हिंगोलीकरांना आता पाठ झालं आहे. पण तिथलं यंत्र मुळात औंढ्यासाठी घडवलेलं नव्हतं. अमेरिकेत हॅनफर्डला एकाच नळीत दोन यंत्रं बसवली होती, एक 4 किलोमीटरचं, दुसरं 2 किलोमीटरचं. नव्या पिढीत दुसरंही 4 किलोमीटरचं करायचं ठरलं आणि मग प्रश्न आला, दोन्ही एकाच जागी कशाला? आधी ऑस्ट्रेलियाला विचारणा झाली. 2011 मध्ये पैशाअभावी तिथून नकार आला. मग त्या यंत्राचे भाग भारताच्या नावाने हॅनफर्डलाच राखून ठेवले गेले.

या यंत्रांमागे 1997 साली जमलेली एक वैज्ञानिक संघटना आहे, लायगो सायंटिफिक कोलॅबोरेशन. आपल्याकडच्या मंडळांसारखी पावती फाडून इथे सभासद होता येत नाही. प्रत्येक गटाने वर्षभर काय काम करणार याचा लेखी करार करायचा, शोधनिबंधावर नाव हवं तर त्यासाठी वेळ द्यायचा. म्हणजे वर्गणी कामातच. अमेरिकेतल्या वेधशाळेचा मोठा खर्च तिथली नॅशनल सायन्स फाउंडेशन उचलते. 2009 साली इंडिगो हा भारतीय गट तयार झाला. पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर त्याच्या कितीतरी आधीपासून, गोंगाटातून लहर कशी वेचायची, त्याची रीत घडवत होते.

आता प्रतिस्पर्ध्याकडे. इटलीत पिसाजवळ कॅसिनाला फ्रान्स-इटलीची व्हर्गो वेधशाळा, बाहू 3 किलोमीटरचे. पहिली बातमी कोण देणार, ही चुरस दोघांतही होतीच. तरी 2007 साली करार झाला आणि माहिती एकत्र वापरायचं ठरलं. यात मला कुणाचं मोठं मन दिसत नाही, गरज दिसते. एकटं यंत्र 'काहीतरी आलं' एवढंच सांगतं, कुठून आलं ते सांगत नाही. ती दिशा दोन यंत्रांत लहर किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचली यावरून काढतात. 14 सप्टेंबर 2015 ची पहिली लहर अमेरिकेतल्या दोन वेगळ्या ठिकाणच्या दोनच यंत्रांनी टिपली. सुरुवातीच्या अंदाजात तिचा उगम सुमारे 600 चौरस अंशांत कुठेही असू शकत होता, म्हणजे आकाशात 3000 पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढी जागा. 17 ऑगस्ट 2017 ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली तेव्हा व्हर्गोही जागी होती. तिला ती लहर जेमतेमच कळली. पण तिला इतकी अंधुक का दिसली, हीच खूण झाली आणि शोध 28 चौरस अंशांवर आला. मग दुर्बिणींनी त्या टकरीचा प्रकाश गाठला. जपानची काग्रा नंतर याच साखळीत आली.

नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, अशी कथा आहे. इथे फिरवायचं काही नाही. दुधाळ्याचं यंत्र अमेरिका, युरोप आणि जपानपासून दूर असेल, हाच त्याचा उपयोग.

केंद्राची तत्त्वतः मंजुरी 17 फेब्रुवारी 2016 ला आली, पहिल्या लहरीची घोषणा होऊन आठवडाही झाला नव्हता. 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळायला एप्रिल 2023 उजाडावं लागलं.